बिनतारखेचं ‘येतो’

दौलत शिंत्रे हा यंदाचा सगळ्यात खोटारडा मुलगा आहे, असं पडताळ्याने सांगितलं तेव्हा हेमांगी सबनीस आपल्या टेबलाशी बसून दहीभात खात होती. चमचा हातात तसाच राहिला. खोटारडे तिने पुष्कळ पाहिले होते. पडताळा हे यंत्र तिनेच तर बनवलं होतं. पण शिंत्रे? अमेरिकेतल्या फुटबॉलच्या यादीत शिंत्रे कुठून आला?

डुलूथ हे गाव मिनेसोटात, एका अफाट सरोवराच्या काठावर आहे. एप्रिल उजाडला तरी तिथल्या पाण्यावर बर्फाचे तुकडे तरंगत असतात. गावाचा स्वतःचा व्यावसायिक संघ आहे, ‘डुलूथ फेरीमेन’. हेमांगी घरी त्यांना नुसतं ‘आमचे नावाडी’ म्हणायची. संगमनेरहून निघालेली, संख्याशास्त्र शिकलेली ही बाई नावाड्यांच्या निवड विभागाची प्रमुख होऊन बसली होती, आणि तिला स्वतःला चेंडू धड झेलता येत नव्हता. कोणी त्यावरून चिडवलं तर ती म्हणायची, लग्नं जमवणाऱ्या गुरुजींना कुठे संसार करून दाखवावा लागतो?

तिचं म्हणणं अगदीच वावगं नव्हतं. हा फुटबॉल म्हणजे आपला पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे. इथे चेंडू लांबोळका, आणि तो हातात घेऊन समोरच्या फळीला धडका देत पुढे सरकायचं. दर वसंतात कॉलेज संपवून बाहेर पडणाऱ्या मुलांमधून संघ आपापले गडी निवडतात. निवड पाळीपाळीने होते. आदल्या हंगामात ज्याने सगळ्यात जास्त मार खाल्ला त्या संघाला पहिली पाळी, म्हणजे दुबळ्याला चांगला गडी मिळावा. पाळी आली की घड्याळ सुरू होतं आणि ते संपायच्या आत नाव सांगावं लागतं. कोणत्या गावी नांदायला जायचं हे मुलाच्या हातात नसतं. त्याआधी या मुलांना एका ठिकाणी बोलावून त्यांची उंची, वजन, धाव, उडी, इतकंच काय, हाताची वीतसुद्धा मोजतात. हेमांगीने हा प्रकार पहिल्यांदा पाहिला तेव्हा तिला मुलगी बघायचा कार्यक्रमच आठवला होता. फक्त इथे पोहे नव्हते, आणि चालून दाखवायच्या ऐवजी धावून दाखवायचं होतं.

शरीर मोजण्यात आता कोणी कोणाच्या मागे राहिलं नव्हतं. रक्तातल्या चार थेंबांवरून गुडघा किती वर्षं टिकेल हे कळत होतं. कळत नव्हतं ते एवढंच, की हा मुलगा डिसेंबरच्या बर्फात, लागोपाठ सहा सामने हरल्यावर, सकाळी सरावाला येईल का? पूर्वी त्यासाठी मुलाखती घेत. पण मुलाखतीत सगळेच शहाणे असतात. आवाजातला कंप मोजून खोटं पकडणारी यंत्रंही येऊन गेली आणि तोंडघशी पडली, कारण घाबरलेला खरा माणूस आणि सरावलेला खोटा माणूस यांच्यात ती नेमकी उलटी निवड करायची.

हेमांगीने वेगळी वाट धरली. माणूस आत्ता खरं बोलतोय का, हे विचारायचंच नाही. तो जे करीन म्हणतो ते पुढे करतो का, एवढंच बघायचं. खेळाडू आपल्या कॉलेजच्या वर्षांतले, थेट निवडीच्या दिवसापर्यंतचे फोन, निरोप आणि फोन कुठे कुठे फिरला याची नोंद स्वखुशीने संघाला वाचायला देत. स्वखुशीने म्हणजे, जो देणार नाही त्याच्याकडे सगळे संशयाने बघत. पडताळा त्या बोलण्यातून शब्द दिल्याची वाक्यं वेचून काढी. ‘सहाला पोचतो’, ‘उद्या फोन करतो’, ‘आईला दवाखान्यात मी नेतो’. मग तो खरोखर सहाला पोचला का, हे ताडून बघी. शब्द आणि कृती यांच्यात जितकं अंतर कमी तितका गडी टिकाऊ. जुन्या खेळाडूंवर हे लावून पाहिलं तेव्हा निकाल इतके चोख आले की हेमांगीलाच जरा भीती वाटली. तिने त्यात आणखी एक मेख मारली होती: शब्द जितक्या जवळच्या माणसाला दिलेला, तितका तो न पाळल्याचा दंड मोठा. प्रशिक्षकाशी सगळेच नीट वागतात. घरच्यांशी कसा वागतो ते बघा, असं तिचं साधं म्हणणं होतं.

आता या दौलत शिंत्रेचा सगळा दंड एकाच माणसापायी झाला होता. तिने दहीभाताचा डबा बाजूला सारला आणि नोंदी उघडल्या.

पहिल्याच फोनमध्ये एक म्हातारा खणखणीत आवाज होता. “जेवलास का रं? दूध पितोस न्हवं?” मग मुलाचा जाडा, घोगरा आवाज, अमेरिकन वळणाचा, पण भाषा थेट सांगली जिल्ह्यातली. “पितो की आबा. बरं, ठिवू का? येतो.” आणि म्हातारा म्हणाला, “ये बाळा. ये.”

खाली यंत्राने केलेलं इंग्रजी भाषांतर होतं: ‘मी तिकडे येत आहे.’ ‘ये, बाळा.’ पुढे शेरा होता: आला नाही. पुढचा रविवार. ‘मी तिकडे येत आहे.’ आला नाही. त्याच्या पुढचा रविवार. पानांवर पानं तेच.

हेमांगी इतक्या जोरात हसली की पलीकडच्या टेबलावरच्या मुलाने मान वर केली. बिचाऱ्याने निरोप घेतला होता! चार वर्षं दर आठवड्याला सभ्य मराठी माणसासारखा निरोप घेतला, म्हणून यंत्राने त्याला लबाड ठरवलं. चूक यंत्राची नव्हतीच म्हणा. मराठी बोलणारा गडी या खेळात कधी आलाच नव्हता. पडताळा तयार करताना कर्मचाऱ्यांनी स्वतःचे फोन चाचणीला दिले होते, त्या वेळीसुद्धा हेमांगीचे आईशी झालेले फोन तेवढे बाजूला ठेवले होते. मराठीची सोय तेव्हा नव्हती. पुढे कोणीतरी ती घाईघाईने जोडून टाकली असावी.

ती तशीच उठून वॉल्ट ब्रेनरकडे गेली. वॉल्ट हा संघाचा सरव्यवस्थापक. कोणाला घ्यायचं हा शेवटचा शब्द त्याचा. सत्तरीला टेकलेला, मोजकं बोलणारा, आणि एकदा पोळल्यामुळे फार सावध झालेला माणूस. दोन वर्षांपूर्वी पडताळ्याने नको म्हटलेला एक गडी त्याने हट्टाने घेतला होता, आणि तो गडी दुसऱ्याच हंगामात सरावाला यायचा बंद झाला. तेव्हापासून वॉल्टचा नियम होता: पडताळ्यात तळाला गेलेला मुलगा घ्यायचा नाही, मग तो हत्तीला आडवा करो.

आणि हा मुलगा हत्तीला आडवा करण्याच्या लायकीचा होता. आयोवातल्या एका छोट्या कॉलेजातला, आघाडीच्या फळीत उभा राहणारा. चेंडू फेकणाऱ्या आपल्या गड्याच्या पुढे भिंत होऊन थांबायचं, एवढंच त्याचं काम. इतर संघांनी त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं. फक्त वॉल्टने त्याचे दोन सामने पाहिले होते आणि त्याचे पाय त्याला आवडले होते. डुलूथने घेतलं तर घेतलं. नाहीतर दौलत शिंत्रे जून महिन्यात वडिलांच्या ट्रॅक्टरच्या कारखान्यात कामाला लागणार होता.

“म्हणजे तुमच्याकडे जाताना ‘मी येतो’ म्हणतात?” वॉल्टने विचारलं.

“हो. ‘जातो’ म्हणणं अशुभ. म्हणून ‘येतो’.”

“आणि समोरचा ‘ये’ म्हणतो.”

“हो.”

“पण कोणी येत नाही.”

“येतात कधीतरी,” हेमांगी म्हणाली. “त्याला तारीख नसते.”

“मग यंत्राने तो शब्द मोडला असं कसं धरलं?”

“मोडला असं नाही धरत. तारीख उलटली तर मोडला. तारीखच नसेल तर थकला, कर्जाच्या हप्त्यासारखा. जोवर पुरा होत नाही तोवर थोडेथोडे गुण कापत राहतं. आणि हे आजोबा त्याला सगळ्यात जवळचे, म्हणून कपात मोठी.”

वॉल्ट म्हणाला, “तू म्हणतेस म्हणून मी नोंद बदलणार नाही. उद्या मी म्हणेन, मग परवा कोणीही म्हणेल. मुलगा गुरुवारी मुलाखतीला येतोय. त्या शब्दाचा अर्थ त्याने स्वतः सांगू दे. त्याने सांगितला की मी स्वतः सगळं पुसतो.”

एवढंच ना, हेमांगीला वाटलं. एका वाक्याचं काम.

गुरुवारी सकाळी दौलत उपाहारगृहात सहा अंड्यांसमोर बसलेला तिला सापडला. तिने मराठीत नाव सांगितलं मात्र, तो दाराएवढा मुलगा खुर्ची मागे सारून उठला आणि वाकून तिच्या पाया पडला. आजूबाजूच्या नावाड्यांचे घास तोंडातच राहिले.

“अरे, बस, बस! मराठी छान येतं की तुला.”

“येतं काकी. पन माझं मराठी आबाचं हाय. आई हसती मला.”

त्याचे आजोबा, आबा, पलूसचे. तरुणपणी तालमीत घाम गाळलेले. मुलाने अमेरिकेत घर केलं तेव्हा नातवाला सांभाळायला म्हणून आले आणि चांगली दहा-बारा वर्षं आयोवात राहिले. आईवडील घरात इंग्रजी बोलत, आबा मराठी. धडक कशी घ्यायची, पाय रोवून खाली कसं बसायचं, हे दौलत कोणत्याही प्रशिक्षकाच्या आधी घरामागच्या गवतात आबांकडून शिकला होता. वॉल्टला आवडलेले पाय ते हेच.

“हे बघ दौलत,” हेमांगी म्हणाली, “आत तुला विचारतील, आजोबांना तू फोनवर ‘येतो’ का म्हणायचास. तू एवढंच सांग, की ही आमची निरोप घ्यायची पद्धत आहे.”

“कसली पद्धत?”

“निरोपाची. निघताना ‘जातो’ म्हणत नाहीत ना आपल्यात. ‘येतो’ म्हणतात. अर्थ ‘जातो’ असाच.”

दौलतने काटा खाली ठेवला. “येतो म्हंजी जातो?”

“हो रे.”

“ह्ये मला कुनी सांगितलंच न्हाई.”

हेमांगीला आधी हसू आलं. मग तिने त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि ते विरून गेलं.

“आबा हितनं गेला न्हवं,” तो सावकाश बोलू लागला, “तवा मी बारा वर्सांचा. एअरपोर्टवर म्हनला, येतो रं दौल्या. मी वाट बघितली, काकी. समदा उन्हाळा बघितली. आईला इचारायचो, आबा कवा येनार? ती म्हनायची, बगू. मंग माझ्या ध्यानात आलं, आबा म्हातारा मानूस, त्यो कसा येनार? आपुनच जायाला पायजे. तवापास्नं मी म्हनतो, येतो. पन उन्हाळ्यात सराव असतो. दर उन्हाळ्यात असतो.”

हेमांगीला आता उलगडलं. घरात दुसरं कोणी मराठी बोलणारं नसलं की मूल भाषा अशीच शिकतं. शब्द शिकतं, पण शब्दाभोवतीचं मोघमपण त्याला कोण शिकवणार? ते चार घरी जाऊन, उंबऱ्यात ताटकळून, मोठ्यांचं ‘बरं, येतो हं, येतो’ ऐकून अंगात मुरतं. याच्या वाट्याला एकच घर आणि एकच म्हातारा आला होता.

“म्हणजे तू खोटं बोलत नव्हतास,” ती म्हणाली. “मराठीत तो शब्द तसाच वापरतात. सगळे वापरतात. मीसुद्धा.”

“पन मला ठावं नव्हतं न्हवं. मला वाटायचं, मी कबूल करतोय आन् जात न्हाई.”

“दौलत, एकच वाक्य बोलायचं आहे. ते खोटंही नाही.”

त्याने मान हलवली. ती हो होती की नाही, हे तिला कळलं नाही.

मुलाखतीच्या खोलीत वॉल्टने बाकीचे प्रश्न झटपट उरकले आणि शेवटी तो प्रश्न विचारला. दौलत त्याच्या सफाईदार आयोवाच्या इंग्रजीत म्हणाला, “या मॅडम म्हणतात की ती निरोप घ्यायची पद्धत आहे. तसं असेलच, त्या शिकलेल्या आहेत. पण मला ते आज सकाळी कळलं. मी म्हणायचो तेव्हा मला खरंच जायचं होतं, आणि मी गेलो नाही.”

वॉल्टने पेन खाली ठेवलं. “धन्यवाद, मुला,” तो म्हणाला.

दार बंद झाल्यावर हेमांगी उसळली. “त्याने स्वतःच्या विरुद्ध खरं सांगितलं! सगळं हातचं जाणार हे माहीत असून! याहून कोणता पुरावा हवा तुम्हाला?”

“मला आवडला तो,” वॉल्ट म्हणाला. “पण खरं बोलणं वेगळं आणि म्हटल्याप्रमाणे करणं वेगळं. हे मला कोणी शिकवलं? तूच. यंत्र चुकलंय असं तू म्हणालीस. तो म्हणतो, नाही चुकलं.”

आपणच विणलेल्या जाळ्यात एका चांगल्या मुलाला अडकवलं, हे हेमांगीच्या मनाला फार लागलं. त्यापेक्षा त्याला सकाळी भेटलेच नसते तर बरं, असंही तिला वाटून गेलं. नुसतं ‘हे काय आहे’ असं अचानक विचारलं असतं, तर गोंधळून काहीतरी बोलून सुटला असता.

त्या रविवारी तिने नेहमीसारखा संगमनेरला फोन केला. आई भावाकडे असते. गुडघ्यांचं झालं, भाचीच्या परीक्षेचं झालं, शेजारच्यांनी जिन्यात ठेवलेल्या सायकलीचं झालं. मग हेमांगी म्हणाली, “बरं आई, येते हं.”

“ये,” आई म्हणाली.

शब्द नेहमीचेच होते. पण त्या दिवशी पहिल्यांदाच हेमांगीने फोन लगेच ठेवला नाही. पलीकडे आईनेही ठेवला नव्हता. थोडा वेळ दोघींकडचा पंखा आणि हीटर एकमेकांना ऐकू येत राहिले, आणि मग कोणीतरी आधी ठेवला. वडिलांच्या वर्षश्राद्धाला ती गेली होती, त्यानंतर नाही. मध्ये किती काळ गेला हे तिने मनात मोजायला घेतलं आणि अर्ध्यावर सोडून दिलं.

निवडीची संध्याकाळ आली. पहिल्या दिवशी नावाड्यांनी एक चांगला झेलणारा उचलला होता. दुसऱ्या दिवशी आघाडीच्या फळीतला गडी घ्यायचा होता, आणि वॉल्टने हेरून ठेवलेला गडी त्यांच्या पाळीच्या नेमका आधी दुसऱ्याच संघाने पळवला. खोलीत सगळ्यांचे चेहरे पडले. भिंतीवरचं घड्याळ सुरू झालं.

“पडताळ्यात वरचा कोण उरलाय?” वॉल्टने विचारलं.

हेमांगीने यादी पुढे ओढली आणि पुन्हा एकदा वाचली. सगळ्यात वर नाव होतं दौलत शिंत्रे.

“काहीतरी बिघडलंय,” ती म्हणाली आणि घाईघाईने नोंद उघडली. दुपारपर्यंत मुलगा तळाला होता. मग तासाभरापूर्वी त्याच्या फोनची जागा बदललेली दिसली: पलूस, जिल्हा सांगली. आणि खाली, चार वर्षांतल्या प्रत्येक रविवारपुढे, एकाखाली एक, यंत्राने शेरा बदलला होता: आला. आला. आला. पानांवर पानं तेच.

तिच्या लक्षात आलं. त्या शब्दाला तारीख नव्हती, म्हणून तो कधी मोडलाच नव्हता; नुसता थकला होता. आणि दौलत पलूसला उतरल्याबरोबर आजवरची सगळी ‘येतो’ एकदमच पुरी झाली होती. घरच्या सगळ्यात जवळच्या माणसाला इतक्या वेळा दिलेला आणि एकूणएक पाळलेला शब्द! असे गुण पडताळ्याच्या जन्मात कोणाला मिळाले नव्हते.

तिने वॉल्टला सांगितलं. वॉल्टने तिच्याकडे रोखून पाहिलं. “तू सुचवलंस त्याला हे?”

“नाही.”

“हे गुण खरे आहेत की हाही निरोपच?”

“मला माहीत नाही,” हेमांगी म्हणाली, आणि तिला खरंच माहीत नव्हतं.

नाव पुकारण्याआधी मुलाला फोन करायचा रिवाज असतो: तू धडधाकट आहेस ना, येतोस ना, एवढं विचारायला. वॉल्टने नंबर लावला आणि आवाज खोलीभर केला. तिकडे सकाळ झालेली होती. फोन उचलला गेला.

“कोन बोलतंय?” खणखणीत म्हातारा आवाज म्हणाला.

वॉल्टने फोन निमूट हेमांगीपुढे सरकवला.

“आबा, मी अमेरिकेहून बोलतेय. हेमांगी सबनीस. दौलत आहे का तिथे?”

“हाय की! आलाय न्हवं! येतो येतो म्हनत हुता, आला बगा. त्यो आंघोळीला बसलाय.”

“त्याला बोलवा, आबा. फार घाईचं आहे.”

“डोस्क्याला साबन हाय ताई त्याच्या. डोळ्यांत जाईल.”

घड्याळावर शेवटची काही मिनिटं उरली होती. खोलीतली दहा-बारा अमेरिकन माणसं फोनकडे बघत होती, आणि पलूसमधून बादलीत पाणी पडल्याचा आवाज येत होता.

“काय म्हणतात ते?” वॉल्टने विचारलं.

“म्हणतात, तो आलाय.”

“ही पण निरोप घ्यायची पद्धत का?”

“नाही,” हेमांगी म्हणाली. “‘आलाय’ म्हणजे आलाय.”

आयुष्यात क्वचित हसलेला वॉल्ट आता हसला. त्याने समोरच्या माणसाला बोटाने खूण केली आणि त्या माणसाने नाव पाठवून दिलं. जरा वेळाने पडद्यावर सूट घातलेल्या एका गृहस्थाने ‘डाउलट शिन्टर’ असं काहीतरी वाचलं. त्याच सुमाराला फोनवर धापा टाकत खरा दौलत आला.

“घेतलं तुला,” हेमांगी म्हणाली. “ऐकलंस का? नावाड्यांनी घेतलं तुला!”

तिकडे आबा कोणाला तरी ओरडून काही सांगत असल्याचा आवाज आला, आणि कुठेतरी पितळी भांडं खाली पडलं.

“खरं का काकी?” दौलत म्हणाला. “तुमी न्हाई घेनार असंच वाटलं हुतं. म्हनलं, आता कसला सराव, येळच हाय, तर जाऊन येतो.”

“पण मी तुला सांगितलं होतं ना, तो शब्द नुसता निरोपाचा म्हणून?”

“सांगितलं की. मी लई इचार केला त्यावर. येतो म्हंजी जातो, ह्ये कळलं. पन आबा ‘ये’ म्हनायचा, काकी. मंग त्याचा अर्थ काय? ‘जा’?”

आजूबाजूला लोक एकमेकांची पाठ थोपटत होते. कोणीतरी हेमांगीच्या हातात कॉफी दिली. ती तशीच धरून ती म्हणाली, “नाही रे. तसा नाही.” मग आबांनी फोन घेतला, पोराला तिकडे थंडीत नीट जेवायला घाला म्हणून बजावलं, आणि तिनेही ते कबूल केलं.

बाहेर येऊन ती गाडीत बसली. सरोवरावर अजून उजेड होता. संगमनेरला आईचा पहिला चहा झाला असणार. तिने फोन लावला.

“आज काय गं?” आई दचकूनच म्हणाली. “रविवार नाही ना? सगळं बरं आहे ना?”

“बरं आहे. आई, मी येते.”

“ये,” आई सवयीने म्हणाली.

“नाही, तसं नाही. खरंच येते.”

पलीकडे पंखा फिरत राहिला. मग आईने विचारलं, रागाने नव्हे, नुसतं समजून घ्यायचं म्हणून, “मग आजवर म्हणत होतीस ते काय होतं गं?”

उत्तर हेमांगीजवळ तयार होतं. वॉल्टला तिने ते किती नीट समजावून दिलं होतं: जाताना असंच म्हणतात, त्याला तारीख नसते. ते आईला सांगायची तिची छाती झाली नाही.

तिने तारीख सांगितली.